डब्यातलं घोंगडं

माझं निम्मं सामान अजून जिन्यात होतं तेव्हा कल्लाप्पाअण्णांची आणि माझी पहिली गाठ पडली. राजारामपुरीतल्या त्यांच्या घराची माडी मी भाड्यानं घेतली होती. हमालांनी माझं लाकडी कपाट भिंतीला टेकवलं न टेकवलं तोच एक उंच, हाडकुळा, खाकी शर्टातला माणूस वर आला. ना नमस्कार, ना चमत्कार. सरळ कपाटापाशी गेला, त्याला कान लावला आणि बोटाच्या पेरानं वरपासून खालपर्यंत ठोकत सुटला.

“बाई, ह्ये बोलतंय,” तो म्हणाला.

“काय बोलतंय?” मी जरा घुश्शातच विचारलं. घरमालक आहेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी मी वेगळ्या सुरात विचारलं असतं असं नाही.

“पाठीमागची फळी पातळ हाय वो. ठोकलं की थरथरतीया. ही फळी बदला न्हायतर आत पुस्तकं ठासून भरा.”

कपाटात पुस्तकंच भरायची होती, त्यामुळे भांडण तिथंच मिटलं. पण त्या दिवसापासून मला एक खोड लागली ती आजतागायत सुटलेली नाही. नवीन कपाट, टेबल, दार काहीही दिसलं की माझं बोट आपोआप त्याच्यावर वाजतं. दुकानदार विचित्र नजरेनं बघतात. अण्णांना मात्र अशा नजरांचं कधी काही वाटलं नाही. ते कलिंगड ठोकायचे ते एक ठीक, पण कुणाचा नवा फ्रीज ठोकायचे, एस.टी.चा पत्रा ठोकायचे. मुलीसाठी स्थळ बघायला सोलापूरला गेले तेव्हा सगळे पोह्यांची वाट बघत बसलेले आणि हे व्याह्यांच्या शोकेसला कान लावून उभे. “भक्कम हाय, सागवानी हाय,” असा निकाल दिला आणि तिथंच लग्न ठरलं, असं त्यांच्या घरात सांगायचे. मला यातलं निम्मं खरं वाटतं.

अण्णा कागलच्या बाजूला एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. तीस वर्षं टर्बाइनशेजारी उभं राहिल्यामुळे त्यांचा आवाज कायमचा चढलेला. कुजबुजणं नावाची गोष्ट त्यांना जमतच नसे. एखादं गुपित सांगायला लागले की समोरच्या घरातून लोक त्याला उत्तर द्यायचे. ऊस संपला, कारखाना थंड झाला, की अण्णा तापायचे. परसातल्या पत्र्याच्या खोलीत प्लायवूड, करवत, सरसाचं भांडं आणि स्पीकर यांचा बाजार मांडायचे. बाजारातून नुसते स्पीकर आणायचे आणि त्यांच्यासाठी लाकडी डबे स्वतः करायचे. सगळं जग त्याला बॉक्स म्हणतं. अण्णा डबा म्हणायचे.

मला विज्ञानातलं काही कळत नाही. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. तरी डब्याच्या आत मऊ काहीतरी का घालायचं हे मला आजही पाठ आहे, कारण ते अण्णांनी मला माझ्याच भाषेत समजावलं होतं.

“तुमचा वर्ग घ्या, बाई. फुडं तुमी शिकवतासा. आनि मागच्या बाकावरच्या पोरी तुमचंच बोलनं वेडावून परत म्हनाय लागल्या, तर पैल्या बाकाला काय कळंल?”

“काही कळणार नाही.”

“स्पीकरचं तसंच हाय. त्यो फुडं बी बोलतोय आनि मागं डब्यात बी बोलतोय. मागचा आवाज फळीवर आपटून परत येतोय आनि फुडच्यात कालवतोय. मग मागच्या पोरींच्या तोंडात घास कोंबायचा.” असं म्हणून त्यांनी कापसाचा एक बोळा माझ्या नाकासमोर धरला. “ह्यो बगा घास.”

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “डब्यानं बोलायचं न्हाय. आतल्या मानसानं बोलायचं.” गाणी लावून स्पीकर तपासणाऱ्यांना ते मोजायचेच नाहीत. गाण्यात काय, सगळं खपून जातं म्हणायचे. ओळखीच्या माणसाचा बोलण्याचा आवाज लावा, मग डबा खोटारडा आहे का ते समजतं. आणि ओळखीचा, रोज कानावर पडणारा, स्पष्ट उच्चारांचा आवाज घरातच फुकट उपलब्ध होता. माझा.

“बाई, दोन पानं वाचा की,” असं म्हणून एका रविवारी त्यांनी माझ्यापुढे टेपरेकॉर्डर ठेवला. हाताशी होती ती शाळेची सूचनावही. मी वाचली. ‘सर्व विद्यार्थिनींनी उद्या दोन वेण्या व पांढरी रिबीन घालून उपस्थित राहावे. नखे कापलेली असावीत.’ पुढची कित्येक वर्षं उन्हाळा आला की परसातून दिवसभर माझाच आवाज यायचा. कधी रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा, कधी सर्दी झाल्यासारखा. नखे कापलेली असावीत. नखे कापलेली असावीत. मी मंडईला निघाले की गल्लीतली पोरं हात पुढे करून नखं दाखवायची. मी चिडायचे, अण्णांना बोलायचे. ते म्हणायचे, “बाई, आजचा आवाज तुमच्यावानी वाटला का न्हाय एवढंच सांगा.” माझ्या रागाकडे इतकं शांतपणे दुर्लक्ष करणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

हा सगळा खटाटोप छंद म्हणूनच सुरू झाला होता. पण मी राहायला गेल्यावर दोनेक वर्षांतच त्याचं कारण बदललं, आणि ते कारण म्हणजे गंगाक्का.

अक्का म्हणजे अण्णांची बायको. हुपरीची लेक. माहेरी घरातच चांदीच्या पैंजणांचं काम, लहानपणी घुंगरं जोडायला बसायची. जोडलेलं प्रत्येक घुंगरू कानाशी हलवून, बद वाजणारं बाजूला काढायची. माहेर हुपरीचं, आजोळ पार सीमेपलीकडचं, त्यामुळे मराठी आणि कानडी दोन्ही तिच्या जिभेवर सारखीच. रेडिओची भारी हौस. दोन्ही भाषांतली नाटकं, शेतीचे कार्यक्रम, बाजारभाव, काही वर्ज्य नाही. स्वयंपाक करता करता रेडिओतल्या माणसांना उत्तरं द्यायची. नाटकातल्या सासूला तर ती अशा शेलक्या शिव्या घालायची की मी जिन्यात थांबून ऐकायचे.

एकदा शेजारची नात नवे पैंजण घालून आमच्या दारात नाचत होती. अक्का कौतुकानं बघत म्हणाली, “ग्वाड हाईत गं. पन घुंगरं न्हाई बसीवली व्हय?”

घुंगरं छान छुमछुम वाजत होती. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग ते वाढत गेलं. आवाज तिला येई, शब्द येत नसत. सगळं बोलणं एकमेकांत कालवल्यासारखं होई. डॉक्टर म्हणाले, शिरा कमजोर झाल्यात, यंत्र लावून बघा. यंत्र आणलं. अक्कानं आठ दिवस लावलं आणि “सारखी भांडी पडल्यागत हुतंय कानात,” म्हणून हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवून दिलं. सोलापूरहून लेकीचा फोन आला की “तुमीच बोला” म्हणून रिसिव्हर अण्णांच्या हातात द्यायची. रेडिओ बंद झाला. चार बायका जमल्या की ती आपली “हं, हं” करत हसायची, आणि ते हसणं मला बघवायचं नाही. कारण मूळची अक्का ‘हं हं’ करणारी नव्हती. ती सगळ्यांच्या आधी बोलणारी होती.

अण्णांनी एक दिवस मला सांगितलं, म्हणजे अख्ख्या गल्लीलाच सांगितलं, “बाई, कान दुरुस्त करनं माझं काम न्हाय. मला येत न्हाय. पन डबा माझ्या हातात हाय. शब्द सुटा बाहीर पडंल असा डबा केला, तर तिला रेडिओ कळंल. कळलाच पायजे.”

“आणि नाही कळला तर?”

“मग दुसरा डबा.”

अक्काचा यावर काडीचा विश्वास नव्हता. “कान माझं गेल्यात, डब्याचं न्हाईत,” ती मला म्हणायची. पण त्यांना अडवायची नाही.

कापूस झाला. काथ्या झाला. जुन्या गादीचा फोम झाला. मग एका वर्षी कारखान्यात वाफेच्या पाइपांवरचं जुनं आवरण काढून टाकलं होतं, त्यातली काचेची लोकर अण्णा पोतंभर घेऊन आले. पिवळी, मऊ, बघायला अगदी म्हातारीचे केस. मोठमोठ्या कंपन्या डब्यात हेच घालतात म्हणून त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. ते खरंही असेल. पण त्या कंपन्या ती लोकर बहुधा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उघड्या हातांनी पिंजत नसाव्यात. शिवाय अण्णांनी त्या डब्याला समोरून एक भोक ठेवलं होतं. आवाज वाढवला की भोकातून फुस्स करून बारीक काचेचे तंतू बाहेर यायचे. संध्याकाळपर्यंत अण्णा खाजवायला लागले, अक्का खाजवायला लागली, एकाच दोरीवर कपडे वाळत घातल्यामुळे मी खाजवायला लागले, आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर पत्र घेऊन आलेला पोस्टमन सहीसाठी टेकला तोही खाजवत गेला. मी वर्गात फळ्याकडे तोंड करून पाठ चोळत होते हे मुलींनी शाळाभर केलं. अक्कानं अण्णांचं अंथरूण उचलून पायरीवर ठेवलं.  नुसतं बोट दाखवलं.

त्याच सुमारास गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी गणपतीसाठी दोन मोठे डबे करून मागितले. अण्णांच्या डोक्यात आलं की जाड तागाचं बारदान चांगलं. आता कोल्हापुरात बारदान कुठलं मिळणार? गुळाच्या बाजारातलं. अण्णांनी ते झटकलं, उन्हात टाकलं, आतून नीट ठोकून बसवलं. गणपती बसला. तिसऱ्या दिवशी आरती चालू असताना एका डब्याचा घसा बसला. पोरांनी मागची फळी काढली तर आत मुंगळ्यांचं गावच वसलेलं. बारदानाच्या विणीत मुरलेला गूळ त्यांनी शोधून काढला होता आणि जाता येता स्पीकरच्या कागदालाही तोंड लावलं होतं. “अण्णा, बाप्पाला मोदक आनि डब्याला गूळ व्हय?” पोरं हसून लोळली.

अण्णांनी ओशाळून एका दिवसात दोन्ही डबे साफ केले आणि आत जाड नमद्याचे, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी कापडाचे, तुकडे लावून दिले. ते इतके छान जमले की विसर्जनाच्या आदल्या दिवशी अध्यक्षांचं भाषण शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आलं. तिथंच घोटाळा झाला. दरवर्षी ते घुमायचं, टाळ्या पडायच्या. या वर्षी लोकांना समजलं. पोरं पुढच्या वर्षी धडधडणारे डबे भाड्यानं घेऊन आली. अण्णांना त्याचं वाईट वाटलं नाही. “समजलं न्हवं? मग झालं तर,” म्हणाले.

घरातला डबा मात्र अजून जमलेला नव्हता. अक्कासमोर तो आणून ठेवायचा, माझी सूचना लावायची आणि विचारायचं, कळलं का? ती मान हलवायची, कळलं म्हणून. ती मान खोटी आहे हे अण्णांनाही समजायचं. डबा परत परसात जायचा.

मग त्यांच्या डोक्यात घोंगडं आलं. मेंढीची लोकर लांब धाग्याची, खरबरीत, तिच्यासारखं आवाज पिणारं दुसरं काही नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. नवं घोंगडं आणता आलं असतं. पण नवं कडक असतं म्हणे, वापरून मऊ झालेलं हवं. असं घोंगडं घरात एकच होतं. अक्काच्या लग्नात तिच्या वडिलांनी ओळखीच्या धनगराकडून मुद्दाम विणून घेतलेलं, काळंभोर, पांढऱ्या काठाचं. त्याच्यावर तिची लेक लोळून मोठी झाली होती. सणावाराला स्वामी घरी आले की बसायला तेच अंथरायची. अक्का भावाच्या वास्तुशांतीला चार दिवस हुपरीला गेली आणि अण्णांनी ते काढून कापलं. आश्चर्य म्हणून दाखवायचं होतं. पुरुषांना अशी आश्चर्यं का सुचतात मला कळत नाही.

अक्का परत आली तेव्हा मी वह्यांचा गठ्ठा घेऊन जिना चढत होते. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती परसात गेली. पांढरा काठ खोलीच्या उंबऱ्यातच पडला होता.

“विचारायचं तरी हुतं,” ती म्हणाली.

“विचारून काय उपेग?” अण्णा गडबडून, आणि गडबडले की चिडायचे म्हणून चिडून, ओरडले. “विचारलं तर तुला ऐकाय येतंय व्हय?”

इतकी वर्षं अक्काला एक वाक्य धड कळत नव्हतं. हे मात्र कळलं. तिच्या चेहऱ्यावरून मला ते जिन्यातूनही दिसलं. अण्णांनाही दिसलं असणार, कारण त्यांच्या हातातली कात्री तशीच राहिली.

पुढचे आठ दिवस त्या घरात कुणी बोललं नाही. ताट वाढलं जायचं, चहा मिळायचा. अक्का तर आता ‘हं’ सुद्धा म्हणेना. अण्णांनी डब्यातून सगळं घोंगडं उपसून काढलं आणि पत्र्याच्या खोलीत बसून दाभणानं ते परत जोडायला घेतलं. त्यांचे टाके बघवत नव्हते. मी न राहवून त्यांना बोलले. म्हटलं, “अण्णा, घोंगड्याचं जाऊ द्या, तुम्ही तिला जे बोललात ते कशानं शिवणार?” एरवी माझ्या रागाला दाद न देणारा तो माणूस खाली मान घालून म्हणाला, “तेच कळंना झालंय, बाई.” पहिल्यांदाच त्यांचा आवाज गल्लीपर्यंत गेला नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी अक्का चहाचा कप घेऊन परसात आली. कप ठेवला, टाके बघितले, दाभण त्यांच्या हातातून काढून घेतलं.

“आता कापलंयसाच, तर घाला,” ती म्हणाली. “पर मी हितं बसनार.”

अण्णांनी सगळं घोंगडं परत डब्यात ठासलं. फळी लावली, स्क्रू पिळले, माझी सूचना सुरू केली. अक्का समोर स्टुलावर, अण्णांच्या ओठांवर नजर ठेवून बसली होती. मी वरच्या खिडकीतून बघत होते, लपवून कशाला ठेवू.

“ही बाई तोंड दाबून बोलतीया,” अक्का म्हणाली. “काडा.”

“काय काडू?”

“घोंगडं काडा थोडं.”

त्यांनी दोन पट्ट्या काढल्या. परत लावलं.

“अजून काडा.”

“अगं, आता बास. माझ्या कानाला कोरडं लागाय लागलंय.”

“डबा कुनाच्या कानासाठी करतासा?”

अण्णांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.  इतकी वर्षं डबा त्यांच्या कानाला चांगला वाटला की अक्कापुढे यायचा, आणि तिनं मान हलवायची. तिला कसा हवा हे कुणी विचारलंच नव्हतं. मी तरी काय वेगळं केलं होतं? तिच्याशी बोलताना आवाज चढवला, एवढंच. मला माझी लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

त्या उन्हाळ्यात रोज चहानंतर दोघं परसात बसायची. अण्णा स्क्रू काढायचे, अक्का सांगायची. बाजूचं काढा. मागं दुहेरी लावा. न्हाय, काल बरं हुतं. मधेच एखादा शब्द तिला सापडायचा आणि ती तो मोठ्यानं म्हणायची. “रिबीन!” मग दोन दिवसांनी, “उपस्थित!” अण्णा प्रत्येक शब्दाला खडूनं भिंतीवर रेघ ओढायचे. कधी आठवडाभर एकही रेघ वाढत नसे. मग भांडणं व्हायची, कानडीतून, म्हणजे मला कळू नयेत अशी. पण आता भांडणं दोन्ही बाजूंनी होती, त्यामुळे मला ती ऐकायला बरी वाटायची. काढून टाकलेल्या पट्ट्या अक्कानं जोडून बसायला बसकर केलं. पांढरा काठ तिनं त्याच्याभोवती फिरवला.

पावसाळा सरता सरता मला शाळेजवळ स्वतःचा फ्लॅट मिळाला. मी राहायला आले तेव्हा गल्लीत कॅसेटी वाजायच्या, निघाले तेव्हा पोरांच्या खिशात मोबाइल वाजू लागले होते. डब्याचं नक्की काय झालं ते मला ठाऊक नव्हतं. शेवटच्या महिन्यात मी बांधाबांधीत होते, आणि परसातून माझा आवाज येणं बंद झालं होतं. सोडून दिला असेल नाद, असं मी धरून चालले होते.

रविवार होता. दुपारी टेंपो भरून दारात उभा केला आणि मी निरोप घ्यायला खाली गेले. डबा परसातून उठून पुढच्या सोप्यात आला होता. कोनाड्यात ठेवलेला, त्याला छान पॉलिश केलेलं, आणि त्यातून रेडिओवरचं नाटक चाललेलं. अक्का समोर बसकरावर पाय दुमडून, हनुवटीला हात लावून बसली होती. माझ्या कानाला तो आवाज खरोखरच कोरडा लागला, किरकिरासुद्धा.

“आवो या की, बाई!” अण्णांनी नेहमीच्या वरच्या पट्टीत सुरुवात केली. “निघालासा व्हय? बसा, च्या घ्या. आनि टेंपोत ती काचंची कपाटं नीट…”

“अहो!” अक्का मान न वळवता कडाडली. “जरा गप बसा की! ह्यो पोरगा आईला काय सांगतोय ते ऐकू द्या मला.”

 अक्का आमच्याकडे बघतही नव्हती. नाटकातली आई काहीतरी म्हणाली आणि अक्का तिला तिथल्या तिथं म्हणाली, “अगं खुळे, इस्वास ठेवू नको त्याच्यावर!”

अण्णांनी मला दंडाला धरून बाहेर पायरीवर आणलं.  काही सांगायचं होतं, पण त्यांना हळू बोलता येत नव्हतं आणि मोठ्यानं बोलायचं नव्हतं. शेवटी जमेल तेवढा आवाज दाबून ते म्हणाले, “बाई, ऐकलंसा? मला गप बसा म्हनली.”

मला रडू आवरलं नाही. निरोपाचं बोलायचं ते राहूनच गेलं. मी त्यांचा हात हातात घेतला, सोडला आणि टेंपोत जाऊन बसले. ड्रायव्हर खोळंबून वैतागला होता. त्यानं गाडी सुरू करता करता जोरात हॉर्न दिला.

अण्णा पायरीवरून धावतच आले. अनवाणी, दोन्ही हात जोडलेले. खिडकीशी वाकून, साऱ्या गल्लीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याला म्हणाले, “पावणं, पाया पडतो, हारन वाजवू नका. घरात नाटक चालू हाय.”